गाडी, दगड आणि भाऊजींचा पाय

आकाशातून पडलेला एक दगड घेऊन यायचा, एवढंच आमच्या मोहिमेचं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सोपं वाटलं होतं, म्हणून तर मी हो म्हणालो!

दगडाचा ध्यास ताईचा. ती भूगर्भशास्त्रज्ञ, आणि उल्का जळून उरलेले दगड, ज्यांना तिच्या भाषेत अशनी म्हणतात, हे तिचं पहिलं प्रेम. भाऊजींचा नंबर दुसरा, असं भाऊजी स्वतःच सांगतात. खडकाळ माळाच्या पार पलीकडच्या टोकाला, एका खोल घळीच्या काठावर, मेंढ्या चारणाऱ्या कोणी तरी एक काळा, विलक्षण जड दगड पाहिला होता. ही बातमी कानावर आल्यापासून ताईला दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा वादळाने तिला परत फिरवलं, एकदा वाटच सापडली नाही. तिसऱ्या खेपेला तिच्या मदतनिसाला ऐन वेळी कावीळ झाली आणि त्याच्या जागी माझी वर्णी लागली. मी नकाशे काढणारा माणूस. माळ, टेकड्या, नद्या यांच्याशी माझे संबंध उत्तम आहेत, पण ते कागदावर आणि पंख्याखाली!

तिसरे आमचे भाऊजी. गाडी त्यांची, चालवणारे ते, दुरुस्त करणारेही तेच. स्वभाव इतका शांत की ताईशी संसार करायला असाच माणूस लागणार होता. त्यांची गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली एक जुनाट डिझेल गाडी. तिला ते ‘बाईसाहेब’ म्हणत आणि तिच्याशी ताईपेक्षा जास्त बोलत. पुढची दोन आसनं त्या नवरा-बायकोची. मी मागे हौद्यात, पाण्याचे कॅन आणि साखळदंड यांच्या मधोमध, आदळत-आपटत.

मोहिमेत ताईचं राज्य. तिचा एक नियम तर अगदी डोक्यात जाणारा होता. जमिनीवर काही ठेवायचं नाही. माळावर विंचू फार, म्हणून बूट, पिशव्या, टोप्या, सगळं लटकवायचं. गाडीतही तेच. आत जिथे म्हणून काही बाहेर आलेलं दिसेल तिथे ताईची एखादी पिशवी लोंबत असे. आरशाला पिशवी, दाराच्या कडीला पिशवी. पुढे बसलेला माणूस पिशव्यांच्या दुकानात बसल्यासारखा दिसायचा.

दगड मात्र सापडला. घळीच्या काठाच्या जरा खाली, उतारावर अडकलेला. मोठ्या कलिंगडाहून फार मोठा नव्हता, पण मी हलवायला गेलो तर तो मुळीच हलला नाही. जवळजवळ निव्वळ लोखंड! त्याच्याखाली घळ अशी की वाकून पाहिलं तरी तळ दिसत नव्हता, नुसता अंधार आणि गार वारा. ताई दगडाशेजारी गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिली. मी हातोडी काढली तर ताई अंगावरच आली.

“एक टवका उडवायचा नाही. जसा पडला तसाच प्रयोगशाळेत न्यायचा.”

गाडी उलटी घेऊन तिची पाठ घळीकडे केली. भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि साखळी आणि कप्पी लावून आम्ही दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तो दगड इंचाइंचाने वर ओढला. मग दोन फळ्यांवरून हौद्यात. शेवटचा हिसका बसला, दगड धाडकन आत गेला, आणि त्याच क्षणी डावीकडची फळी उसळली. तिचं टोक भाऊजींच्या नडगीवर बसलं. असा आवाज झाला की मला वाटलं फळीच मोडली. फळी धड होती.

आम्ही त्यांना ओढून गाडीच्या सावलीत, पुढच्या चाकाशी निजवलं. ताईने पायाला काठ्या बांधल्या, बूट कापून काढला, बोटं चाचपली. मग मला बाजूला घेतलं.

“गुडघ्याखाली हाड मोडलंय. ते नाही मला घाबरवत. बोटं गार पडताहेत. रक्त पोचत नाहीये खाली. आज संध्याकाळच्या आत डॉक्टरपुढे नेलं नाही तर पाय कापावा लागेल.”

दवाखान्याचं गाव गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. माळ सुरू झाल्यापासून फोनला सिग्नलची रेघ नव्हती. आणि गाडी चालवता येणारा माणूस आता एकच उरला होता. ताईने कधी चाक हातात धरलं नव्हतं. माझं ड्रायव्हिंग म्हणजे घर ते कचेरी, गुळगुळीत रस्त्यावर, नव्या छोट्या गाडीतून.

“आधी चालू करून पुढे घे,” ताई म्हणाली. “काठापासून लांब नेऊ, मग याला चढवू.”

मी भाऊजींच्या जागेवर बसलो. समोर लोंबणाऱ्या पिशव्या बाजूला सारल्या. किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. एखादा म्हातारा खोकत राहावा आणि कफ सुटू नये तसं.

“मेहुणे,” खालून भाऊजींचा आवाज आला, “बाईसाहेबांना घाई आवडत नाही. जरा दम घ्या. डिझेल बघा आधी.”

डिझेल होतं. टाकीत काठी घालून पाहिलं, अर्ध्याच्या वर ओली झाली. बॅटरीच्या तारा घट्ट होत्या. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. आत जे दिसलं त्यातलं मला रेडिएटर तेवढं ओळखता आलं, तेही झाकणावरून.

मग आमचं काम सुरू झालं. भाऊजी डोळे मिटून, दात आवळून सांगत होते, मी करत होतो, ताई पाने-पक्कड हातात देत होती.

“डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल. फिल्टरवर एक छोटा स्क्रू आहे, पितळेचा. सापडला? सैल करा. आता खाली हातपंप आहे, अंगठ्याने दाबायचा. दाबत राहा.”

दाबलं. स्क्रूच्या कडेने फेस आला. मग बुडबुडे आले, आणि नंतर स्वच्छ डिझेल. माझ्या कोपरापर्यंत ओघळ गेले.

“आवळा. लावा आता.”

घर्र, घर्र, घर्र. काही नाही! आणि या वेळी घर्रघर्र मघापेक्षा जड वाटली.

“बॅटरी उतरतेय,” मी म्हणालो.

“माहीत आहे. कानाने कळतं.” भाऊजींच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि पुसायलाही ते हात उचलत नव्हते. “पंपाकडून इंजिनाकडे चार बारीक नळ्या जातात. एकीचा नट सैल करा आणि तुमच्या ताईला किल्ली फिरवू द्या. डिझेल उडतं का बघा. तोंड लांब ठेवा, डोळ्यात जाईल.”

ताईने किल्ली फिरवली. मी नळीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतो. एक थेंबही उडाला नाही. कोरडी ठणठणीत.

“पंपापर्यंत येतंय आणि पुढे जात नाहीये,” मी सांगितलं.

भाऊजींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं.

“म्हणजे पंप गेला,” ते हळूच म्हणाले. “त्याला इथे काही करता येत नाही. तुम्ही दोघं असं करा, पाणी घ्या आणि चालायला लागा. मदत घेऊन या.”

“चालत दोन दिवस जायला,” ताई म्हणाली.

“मग दोन दिवस. मी कुठे पळून जातोय?”

ताईने वाकून त्यांच्या पायाची बोटं पुन्हा चाचपली आणि हात तिथेच ठेवला. मी तिला लहानपणापासून पाहतोय. तिला भीती वाटली की ती चिडते. या वेळी ती चिडली नाही, आणि म्हणून मला फार भीती वाटली.

ती उठली आणि बॉनेटपाशी आली.

“मला पंप दाखव.”

मी दाखवला. तिने चष्मा वर सरकवला आणि नाक पंपाला लागेल इतकी वाकली. खडक पाहतानाही ती असंच करते. कुठलीही रेघ दिसली की ती कुठून येते आणि कुठे जाते याचा छडा लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

“या नळ्या डिझेलच्या. ही जाड तार ॲक्सिलरेटरची, पायाने दाबतात ती. आणि ही दुसरी बारीक तार कसली?”

“असेल कसली तरी.”

“कसली तरी नसते. पंपावर एक छोटा दांडा आहे, त्याला बांधलीये. आणि ती ताणलेली आहे.”

तिने ती तार बोटांत धरली आणि तशीच मागे मागे गेली. तार इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून आत गेली होती. ताई दार उघडून आसनावर आडवी झाली आणि डॅशबोर्डखाली हात घालून चाचपू लागली. मी बाहेर उभा होतो. एकदम तिची हालचाल थांबली.

“इकडे ये.”

तिच्या हातात एक पिशवी होती. दगडाच्या आजूबाजूचे माळावरचे साधे खडे तिने तुलनेसाठी गोळा केले होते, त्यांची. काल संध्याकाळी तिने ती डॅशबोर्डखालच्या एका गोल मुठीला लटकवून ठेवली होती. पिशवी काढल्यावर ती काळी मूठ दिसली, चांगली चार बोटं बाहेर आलेली.

“अहो भाऊजी,” मी ओरडलो, “ही काळी मूठ कशाची?”

“कुठली? ती? ती इंजिन बंद करायची. ओढली की डिझेल तुटतं आणि गाडी बंद पडते. चालू करताना आत ढकलायची.” मग ते थांबले. “ढकललीत ना?”

कचेरीत जायच्या माझ्या गाडीला किल्ली फिरवली की सगळं होतं. मी हौद्यात बसून आलेला माणूस, ती मूठ माझ्या कधी नजरेसच पडली नव्हती. पिशवीआड तर दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि भाऊजींच्या अंगठ्याला ती आत ढकलायची इतकी सवय की ती सांगायची गोष्ट आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. श्वास घ्या, असं कोणी कोणाला सांगतं का? आम्ही तिघांनी मिळून एक धडधाकट पंप मारून टाकला होता!

ताईने मूठ आत ढकलली. बॉनेटमध्ये वाकून मी सैल केलेला नट आवळून घेतला. मी बसलो, किल्ली फिरवली.

टक्.

एवढंच. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरीत जीव उरला नव्हता.

त्या क्षणी मला खरंच रडू आलं. नेमकं काय चुकलं ते कळलं होतं, गाडी ठणठणीत होती, आणि आम्ही होतो तिथेच होतो.

“ढकलून चालू होते ना?” ताईने विचारलं.

“दोघांनी? या वजनाची? खडीत?” भाऊजी म्हणाले. मग विचार करून म्हणाले, “दुसरा एक प्रकार आहे. मागचं एक चाक जॅकवर उचला. टायरवर दोर गुंडाळा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि दोर जोरात ओढा. चाक फिरलं की इंजिन फिरतं. या जुन्या इंजिनाला विजेची गरज नाही, दोन-चार फेरे नीट फिरलं की पेटतं. पण हँडब्रेक सोडावा लागेल. बाकीच्या चाकांना दगड लावा. चांगले मोठे लावा.”

गाडीची पाठ घळीकडे होती हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

आम्ही दगड लावले. चाक उचललं. दोर गुंडाळला, शेवटचं टोक टायरच्या खालून मागे काढलं. मी हँडब्रेक सोडला तेव्हा गाडी दोन बोटं मागे आली, दगडांवर टेकली आणि थांबली.

ताईने आणि मी दोर धरून ओढला. इंजिन एकदा हुंकारलं आणि बसलं. पुन्हा गुंडाळला, पुन्हा ओढला. चाक अर्धा फेरा फिरायचं आणि इंजिनाचा दाब आला की अडायचं. तळहातांची सालं निघाली. ताईच्या हातांना रक्त आलं. ऊन कलायला लागलं होतं.

“जोर कमी पडतोय,” भाऊजी म्हणाले. “आणखी दोन माणसं हवी होती.”

ताई दोर हातात धरून उभी होती. तिने घळीकडे पाहिलं. मग हौद्याकडे पाहिलं. नंतर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “दगडाला बांध.”

मला समजलं नाही. भाऊजींना समजलं.

“नाही,” ते म्हणाले. “अजिबात नाही. पुन्हा ओढा. मी बसून ओढतो.”

“तू गप्प बस.”

“इतकी वर्षं त्याच्यामागे घातलीस तू! चालत जा, मी सांगतोय ना. पायाचं बघू.”

“पायाचं मी बघितलंय,” ताई म्हणाली. “बोटांना लावलेला हात तुला कळत नाहीये. मघाशी दोनदा चिमटा काढला, तुला माहीत तरी आहे का?”

मी म्हणालो, “ताई, एक तुकडा तरी तोडून घे.”

“लोखंड आहे ते. करवतीने तुकडा काढायला दीड-दोन तास लागतील. तेवढे तास नाहीत आपल्याकडे.”

आम्ही आधी भाऊजींना उचलून लांब नेऊन ठेवलं. उचलताना ते ओरडले नाहीत, पण माझा खांदा त्यांनी असा धरला की आठवडाभर निळा होता. मग दोर पुन्हा गुंडाळला, कच्च गुंडाळला, आणि टोकाला साखळी लावून ती दगडाला आवळली. हौद्याचं मागचं फळकूट खाली पाडलं. दोनपैकी एक फळी उताराला लावली, तिचं टोक घळीच्या काठापर्यंत. पहार दगडाखाली घातली.

“तू आत बस,” ताई म्हणाली. “इंजिन पेटलं की लगेच क्लच दाब आणि गिअर काढ. चाक जॅकवरून उतरलं आणि गाडी मागे आली, तर उडी मार. गाडीचा विचार करू नकोस.”

मी बसलो. मूठ आत आहे ना, हे मी तीन वेळा पाहिलं. गिअर टाकला. हात चाकावर. आरशावरच्या पिशव्या काढून टाकल्या होत्या, त्यामुळे ताई दिसत होती. तिने पहारेवर दोन्ही हात ठेवले होते. ती दगडाकडे पाहत होती. मग ती नाक पुसून खांदा पहारेला लावून उभी राहिली.

“सोडतेय,” ती म्हणाली.

पहार दबली. दगड कलला. गाडी डुलली. फळी करकरली. जॅक कुरकुरला. आणि दगड सुटला!

हिसका! सगळी गाडी मागे खेचली गेली. चाकाखालचा एक दगड फटकन उडाला. दोर सळसळला. चाक गरगरलं. इंजिन हुंकारलं, अडलं, पुन्हा हुंकारलं, धडधडलं, काळा धूर निघाला, आणि पेटलं! मी क्लच दाबला. गिअर काढला. दोराचं टोक टायरवरून सुटून सापासारखं काठावरून नाहीसं झालं. गाडी मागे सरकत होती. मी हँडब्रेक जिवाच्या आकांताने वर ओढला आणि ब्रेकवर उभा राहिलो.

थांबली. इंजिन चालू होतं.

घळीतून काहीच आवाज आला नाही. दगड कुठे, किती खाली गेला, कोण जाणे. ताई काठावर उभी राहून कान देऊन ऐकत होती. मग वळली आणि म्हणाली, “बघत काय बसलास? जॅक काढायचाय.”

जॅक उतरवला. ॲक्सिलरेटर सांभाळत मी गाडी लांब नेली. भाऊजींना हौद्यात, जिथे दगड होता त्याच जागी, सगळी अंथरुणं टाकून निजवलं. ताई त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली. आणि मी, घर ते कचेरी चालवणारा, त्या माळावरून बाईसाहेबांना घेऊन निघालो.

त्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही. एकच विचार डोक्यात होता, इंजिन बंद पडू द्यायचं नाही. मऊ रेतीत चाकं रुतायला लागली तेव्हा थांबलो असतो तर संपलं होतं. थांबलो नाही. इंजिन ओरडत होतं, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होतो. कोरड्या ओढ्याच्या चढावर इंजिन मरणाच्या दारात गेलं, थरथरलं, आणि क्लच जरा दाबल्यावर परत आलं. “शाब्बास मेहुणे,” असं मागून भाऊजी म्हणाले. पुढे त्यांचा आवाज बंद झाला, आणि फक्त ताईचा येत राहिला. “जागा राहा. माझ्याशी बोल. जागा राहा.”

उजेड असेतोवर आम्ही दवाखान्याच्या फाटकात शिरलो.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना आत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. ताई ताठ बसली होती. हातांवर वाळलेलं रक्त आणि डिझेल. मी पाणी आणलं तर प्यायली. काही खाशील का विचारलं तर नको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मला वाटलं, ही बाई खरोखर लोखंडाचीच आहे.

फार वेळाने दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

“हाड बसवलंय. रक्त खाली जायला लागलंय, बोटं गरम झाली. पाय राहील. आणखी उशीर झाला असता तर नसता राहिला.”

ताईने त्यांचे आभार मानले. आत जाऊन झोपलेल्या भाऊजींना पाहून आली. मग बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसली, आणि एकाएकी हुंदके देऊन रडायला लागली. लहान मुलासारखी, आवाज करून. येणारेजाणारे थांबून पाहायला लागले.

मी घाबरलो. शेजारी बसून म्हणालो, “ताई, अगं वाचला ना पाय. सगळं नीट झालं. आता का रडतेस?”

“दगडासाठी,” ती म्हणाली. “माझ्या दगडासाठी रडतेय. इतका सुंदर दगड कोणाला मिळाला नव्हता.” तिने मनगटाने डोळे पुसले, ते पुन्हा भरले. “पाय गेला असता तर दगडासाठी रडायचा हक्क तरी राहिला असता का मला? आता आहे. रडू दे मला.”

मी तिला रडू दिलं.